धोंडबुवांचा हात

"बुवा, यातला खरा कोणता?"

विद्याधरने दोन कागद सिद्रामबुवांच्या पुढ्यात ठेवले.

दोन्ही कागदांवर एकच म्हातारा होता. तीच घोंगडी, तीच दाढी, तोच दगडी कट्टा. फरक इतकाच, की एका कागदावर त्याने आशीर्वादासाठी डावा हात वर केला होता आणि दुसऱ्यावर उजवा.

बुवांनी दोन्ही कागद उन्हाकडे धरून पाहिले. मग खाली ठेवले.

"तुला कोणता वाटतो?"

"उजवा."

"मग मला कशाला विचारतोस?"

"तुकाप्पा म्हणाले, बुवांच्या होकाराशिवाय मोठा फोटो छापायला टाकायचा नाही."

"म्हंजे तुझं ठरलंय. आता फक्त माझी मान हलायला पायजे."

विद्याधर कागदांच्या कडा जुळवत बसला. खरं तर तसंच होतं.

कागदावरचा म्हातारा म्हणजे धोंडबुवा. चंदगडच्या बाजूला काजूच्या एका टेकडीवर लहानसा मठ आहे, तो त्यांनी उभा केला. सिद्रामबुवा त्यांचे शिष्य, आता स्वतःच ऐंशी ओलांडलेले. मठाच्या सभामंडपात धोंडबुवांची एकच तसबीर आहे. चंदनाचा हार, कपाळाच्या जागी काचेवर लावलेलं गंध, आणि वर उचललेला उजवा हात. आत येणारा प्रत्येक जण त्या हाताखाली वाकतो.

त्या तसबिरीला बुरशी लागली होती. पुण्यतिथीच्या आत नवी करायची होती. देव्हाऱ्याखालच्या पेटीत मूळ फोटोची स्लाइड, म्हणजे काचेत बसवलेली फिल्म, सापडली, आणि विद्याधर हळदणकर बेळगावहून आपला घरचा स्कॅनर पिशवीत घालून मठात हजर झाला.

विद्याधर एका कारखान्यात यंत्रांची रेखाटनं करायचा. माणूस हुशार. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे, तोच सांगे.

बुवांजवळ बसायचं तर डावीकडे बसावं लागतं. त्यांचा उजवा कान फार वर्षांपूर्वी गेला. नवखी माणसं चुकून उजवीकडे बसतात, प्रश्न विचारतात आणि उत्तर आलं नाही की हात जोडून उठतात. बुवांच्या त्या मौनाचे पुष्कळांनी पुष्कळ गहन अर्थ लावले आहेत.

विद्याधर जुना होता. तो डावीकडे बसला होता.

"सांग बरं मला. काय काय केलंस?"

विद्याधर खुलला.

"स्लाइड नेहमीची नाही, बुवा. चौकोनी आहे, बिस्किटापेक्षा मोठी. दोन काचांत दाबलेली आणि कडेनं काळी पट्टी. स्कॅनरबरोबर जी प्लॅस्टिकची चौकट मिळते तिच्यात लहान स्लाइडची घरं असतात. ही त्यात बसेना. मग चौकट काढून टाकली आणि काच तशीच ठेवली. झाकणात एक दिवा असतो, त्याचा उजेड मधोमधच पडतो. धोंडबुवा नेमके मधोमध आहेत. काम झालं."

"पयल्यांदा कोणता हात आला?"

"डावा."

"मग?"

"मग मी मंडपात जाऊन तसबीर पाहिली. तिच्यात उजवा. म्हटलं, काच उलटी पडली. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते ती. उलटून ठेवली, पुन्हा केलं. बरोबर आलं."

"पयला बघितलास, तवा काय वाटलं?"

विद्याधरने मान खाली घातली.

हा प्रश्न त्याला नको होता. कारण विद्याधर डावरा होता.

त्याला बुवांकडून अनुग्रह हवा होता. गेल्या पुण्यतिथीला तो मागायचं त्याच्या मनात होतं. पण आरती सुरू झाली आणि भरात त्याने तबक डाव्या हातात घेतलं. तुकाप्पा मठाचे कारभारी. त्यांनी सगळ्यांदेखत ते काढून घेतलं आणि म्हणाले, "डावऱ्याला हितं अनुग्रह न्हाई. मठाची रीत हाय. वर बघा, धोंडबुवांचा हात कोणता हाय त्यो."

विद्याधरने वर पाहिलं होतं. उजवा होता.

तेव्हापासून तो उजव्या हाताचा सराव करत होता. जेवण उजव्याने, कुलूप उजव्याने, लिहिणं उजव्याने. त्याने लिहिलेली यादी बघून बायकोने विचारलं होतं, "हे कोण लिहून गेलं? कोंबडी?" घरी सगळे हसले होते. तोही हसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. या वयात आपला हात आपल्याला वैरी व्हावा याचं त्याला वाईट वाटत होतं.

एवढी सेवा केली तर बुवा कदाचित रीत थोडी सैल करतील, हा त्याचा हिशेब होता. म्हणून स्कॅनर.

"काय वाटलं, विचारतोय मी," बुवा म्हणाले.

"...आनंद झाला."

"किती वेळ?"

"काच उलटेपर्यंत."

काजूच्या झाडात एक खार चिरकत होती, बुवा तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"ह्याच्या कडंला काय हाय?"

"कडेला उजेड पोचत नाही. काळं येतं."

"ते कळलं. हाय काय तिथं?"

"महत्त्वाचं काही नसणार. भिंत असेल."

"बघितलीस?"

"...नाही."

"फोटोवाला टेकडी चढून आला. पाठीवर पेटी आणि तिकाटणं घेऊन. एवढं घाम गाळून त्यानं भिंत धरली, आणि तू काळी केलीस."

विद्याधर उठला. जरा रागातच उठला. कडेला भिंत आहे हे दाखवून द्यायचं आणि विषय संपवायचा, असं त्याने ठरवलं.

त्याने स्कॅनर ओसरीवरच आणला. काच बाजूला सरकवून ठेवली, म्हणजे कड दिव्याखाली येईल. पण मोकळ्या जागेतून उजेड आत घुसायचा आणि चित्र पांढरट पडायचं. उदबत्तीचा रिकामा पुडा घेऊन त्याचा काळा पुठ्ठा चौकोनी कापायचा, आत काच बसवायची, असं त्याच्या डोक्यात आलं.

ब्लेड त्याने उजव्या हातात धरलं. रेघ वाकडी गेली. दुसरा पुडा घेतला. तीही वाकडी.

तुकाप्पा दारात उभे राहून बघत होते.

"तुझ्या दुसऱ्या हाताचा आज उपास हाय काय?" बुवांनी विचारलं.

विद्याधरने तुकाप्पांकडे पाहिलं. तुकाप्पांनी तोंड फिरवलं.

त्याने ब्लेड डाव्या हातात घेतलं. एका झटक्यात चारी बाजू सरळ सुटल्या. काच त्या चौकोनात अशी बसली, की जणू तिचं माप आधीच घेतलं होतं.

त्याने एक कड घेतली, मग दुसरी. तिन्ही तुकडे लॅपटॉपवर जोडले. उजवा हात वर असलेलं चित्र कडेपर्यंत पुरं झालं.

कडेला भिंत होती. विद्याधरचं बरोबर होतं.

भिंतीवर एक पाटी होती. पाटीखाली मिसरूड फुटलेला एक पोरगेलासा गडी उभा होता, गालावर हात दाबून.

तुकाप्पा चष्मा लावून पुढे वाकले.

"पाटीवर काय लिवलंय? वाचाय येईना."

"कानडी असेल," विद्याधर म्हणाला.

तुकाप्पांना कानडी येतं. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"कानडी बी न्हाई हे."

बुवा मजेत होते. त्यांनी तंबाखूची चंची उघडली, पुन्हा बंद केली.

विद्याधरने पाटी मोठी करून पाहिली. अक्षरं मराठीच होती. पण काने, मात्रा, सगळी भलत्या अंगाला तोंड करून उभी होती. त्याने चित्र आरशातल्यासारखं उलटवलं.

अक्षरं सुलटी झाली.

*जोडे येथे काढावेत.*

आणि त्याच क्षणी धोंडबुवांचा वर केलेला हात डावा झाला.

विद्याधर आणि तुकाप्पा दोघेही चित्रावर वाकले.

...

तुकाप्पाच आधी सावरले.

"पाटीच उलटी लिवली असंल."

"व्हय," बुवा म्हणाले. "पेंटर बी डावरा हुता म्हण की."

विद्याधरच्या तोंडून हसू फुटलं. ते त्याला आवरेना. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि धोंडा ठेवला कुणी होता ते आता कळत होतं.

"म्हणजे पहिला बरोबर होता," तो म्हणाला. "काच सुलटीच होती. मीच उलटी केली."

"पयला तू न्हवं," बुवा म्हणाले. "ती त्या येळच्या कारभाऱ्यांनी उलटी केली. तसबीर मोठी करून आणायची हुती. डावा हात बघून त्यांस्नी घाम फुटला. लोक काय म्हणतील. फोटोवाल्याला म्हणाले, काच उलटी घाल आणि भिंत काप."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"मी नवा हुतो. आणि माझा एक कान तवा नुकताच वाजलेला. दुसरा बी वाजवून घेऊ व्हय?"

विद्याधरला यातलं काही कळलं नाही. त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं. पाटीखालचा तो गडी आता उजव्या गालावर हात धरून उभा होता.

"हा कोण आहे, बुवा? दात दुखतोय वाटतं याचा."

"दात न्हवं."

बुवांनी आपला हात सावकाश वर नेला आणि स्वतःच्या उजव्या कानावर ठेवला. चित्रातल्या गड्यासारखाच.

विद्याधर एकदा चित्राकडे बघे, एकदा बुवांकडे. कपाळ तेच होतं. कानाची पाळ तीच होती.

"बुवा... तुम्ही?"

"फोटोवाला म्हणाला, महाराज, आशीर्वाद द्या. धोंडबुवांनी हात वर केला. मला मठात येऊन चार महिने झालेले. सगळं शास्त्र मला पाठ. मी पुढं झालो. म्हणालो, बुवा, तुमचा हात चुकला."

"मग?"

"मग त्योच हात खाली आला."

तुकाप्पांनी काढून हातात घेतलेला चष्मा ओसरीवर पडला.

"असा आला," बुवा म्हणाले, "की पाटीपाशी जाऊन उभा ऱ्हायलो. मग परत वर गेला, आणि फोटोवाल्यानं दाबलं."

"आणि धोंडबुवा काय म्हणाले?"

"ओठ हलत हुते त्यांचे. पण मला काय ऐकू येतंय? कान वाजत हुता."

सगळे हसले. तुकाप्पाही हसले, पण अर्धंच. ते मंडपाकडे बघत होते. आयुष्यभर ते रोज सकाळी त्या हाताखाली वाकून गंध लावत आले होते.

"बुवा," तुकाप्पा हळू आवाजात म्हणाले, "मग आमची रीत? डावऱ्याला अनुग्रह न्हाई, ती?"

"कुणी घातली?"

"तसबीर बघूनच घातली म्हणतात. धोंडबुवांचा उजवा हात, म्हणून आपला बी उजवा."

"म्हंजे उलट्या काचेनं घातली."

तुकाप्पा खाली बसले. त्यांनी विद्याधरकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग पुन्हा पाहिलं.

"तबक काढून घेतलं मी तुमच्या हातातनं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या म्होरं."

"तुम्ही रीत पाळलीत," विद्याधर म्हणाला. ते त्याने मनापासून म्हटलं. आता त्याला कुणाचाच राग येत नव्हता.

"तू मला विचारलास काय रं कदी?" बुवांनी विचारलं.

"काय?"

"अनुग्रह."

"...नाही."

"मी कदी न्हाई म्हणालो?"

"नाही. पण तुकाप्पांनी सांगितलं, आणि तसबिरीतही..."

"तुकाप्पांनी सांगितलं. तसबिरीनं सांगितलं. आणि मी हितं चार हातांवर बसलोय."

विद्याधरने ब्लेड उचलून पुड्यात ठेवलं.

बुवांनी चंची पुन्हा उघडली. मग म्हणाले, "तुझ्यासारखे आणि किती आले असतील. दारातनंच माघारी गेले असतील. मला दिसले न्हाईत. तेवढं माझ्याकडनं ऱ्हायलं."

हे त्यांनी साध्या आवाजात म्हटलं, पण तुकाप्पांनी हात जोडले.

"मग छापायचा कोणता?" विद्याधरने विचारलं. सकाळी त्याने हाच प्रश्न विचारला होता. आता मात्र त्याला उत्तर खरंच हवं होतं.

"कडंसकट हाय त्यो."

"डाव्या हाताचा?" तुकाप्पा उठूनच उभे राहिले. "बुवा, पुण्यतिथीला पंचक्रोशी येणार. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जोडं कुठं काढायचं ते एकदाचं कळलं."

तुकाप्पांनी यावर विचार केला. मंडपाच्या दारात दर उत्सवाला चपलांचा ढीग पडतो आणि त्यावरून भांडणं होतात, हे मठात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"ते बी खरंच," ते म्हणाले.

ते आत गेले. मंडपात जुनी तसबीर उतरवण्याचा आवाज आला. हार काढल्याचा, खिळा हलवल्याचा.

ओसरीवर दोघेच राहिले.

विद्याधरने स्कॅनर बंद केला. काच पुठ्ठ्यातून काढली, मऊ फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली. सगळं डाव्या हाताने केलं.

मग तो बुवांसमोर येऊन बसला. डावीकडे नाही, अगदी समोर.

"बुवा, मला अनुग्रह द्याल?"

बोलता बोलता त्याने सवयीने उजवा हात पुढे केला होता. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने तो मागे घेतला आणि डावा पुढे केला.

बुवांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"मला मंतर मिळाला न्हाई," ते म्हणाले. "मला काय मिळालं ते आत्ता सांगितलं तुला."

"सांगितलंत."

"मग माझ्यापाशी असंल तेच देणार की न्हाई मी?"

"...हो."

"चालंल?"

विद्याधरने मांडी नीट घातली.

"चालेल."

सिद्रामबुवा जन्माचे उजवे. त्यांनी डावा हात वर उचलला. म्हातारा हात, पण शेतात राबलेला, रुंद आणि जड.

विद्याधरने डोळे घट्ट मिटले. दात आवळले. मान ताठ केली.

...

आत खिळा निघाल्याचा आवाज झाला.

...

हात खाली आला. त्याच्या उजव्या गालावर टेकला, कानापर्यंत पोचला, आणि तिथेच राहिला. उबदार होता. त्याला तंबाखूचा आणि काजूच्या चिकाचा वास येत होता.

विद्याधर मिटल्या डोळ्यांनीच वाट बघत राहिला.

"उघड डोळं," बुवा म्हणाले. "सगळ्यांनाच जोरात द्यावी लागती असं न्हाई."